छत्तीस टाक्यांचा मफलर

परवा रात्री मफलर संपला. फिकट पिवळा, वीस सेंटिमीटर रुंद. सुयांवरून उतरवला तेव्हा १६० सेंटिमीटर लांब होता. आत्ता तो खुर्चीच्या पाठीवर टाकलाय आणि हे लिहिताना मी सारखी मान वळवून त्याच्याकडे बघतेय. आयुष्यात पहिल्यांदा मी एक सबंध कापड माझ्या हातांनी तयार केलं. त्याबद्दल लिहायचंच होतं.

मी डावखुरी आहे. नऊ-दहा वर्षांची असताना आत्याने माझ्या हातात सुया दिल्या होत्या. ती शेजारी बसून दाखवायची, मी तिच्या हातांकडे बघून करायचे आणि सगळं उलटं व्हायचं. मग कुणीतरी म्हणालं, डावखुऱ्या मुलीला नाही जमायचं हे. मी ते मान्य करून टाकलं आणि तीस वर्षं तसंच धरून चालले. मागच्या वर्षाअखेरीस आत्या तीन आठवडे आमच्याकडे राहायला आली होती. संध्याकाळी ती विणत बसायची. एके दिवशी मी सहज म्हणाले, "मला नाही ना जमलं हे, डावरी असल्यामुळे." आत्याने हातातलं काम मांडीवर ठेवलं. "कोण म्हणालं? अगं, यात दोन्ही हातांना काम असतं. डावा हात नुसता बसून नसतो."

ते खरंच आहे. विणताना एका हातात टाक्यांनी भरलेली सुई असते, दुसऱ्या हातातल्या सुईने एकेक टाका विणून आपल्याकडे घ्यायचा. लोकर धरायच्या दोन पद्धती आहेत. एकीत ती उजव्या हातात धरून प्रत्येक टाक्याला सुईभोवती फिरवतात. दुसरीत ती डाव्या तर्जनीवरून ताणून धरतात आणि उजव्या सुईच्या टोकाने उचलून घेतात. आत्या स्वतः पहिल्या पद्धतीने विणते, लहानपणी मला तिने तेच दाखवलं होतं. या वेळी तिने मला दुसरी धरायला लावली, आणि पहिल्याच संध्याकाळी मला कळलं की लोकर सांभाळण्याचं नाजूक काम माझा डावा हात आनंदाने करतोय. त्याला तेच हवं होतं. डावखुऱ्या लोकांना काही जण सगळंच आरशासारखं उलटं विणायला शिकवतात. तेही जमतं, फक्त मग नमुन्यांतल्या सूचना कायम मनात फिरवून वाचाव्या लागतात. मी त्या वाटेला गेले नाही आणि मला त्याचं समाधान आहे.

आत्याने सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे पहिला मफलर स्वतःसाठी विण. दुसऱ्याला द्यायचा म्हटलं की माणूस चुका लपवत बसतो, शिकत नाही. दुसरी, लोकर फिकट, एकरंगी आणि गुळगुळीत घे. मला गडद निळी आवडली होती, शिवाय एक मऊ केसाळ लोकरही मनात भरली होती. आत्याने दोन्ही नाही म्हणून सांगितलं. गडद रंगात टाके दिसत नाहीत. केसाळ लोकरीत तर दिसतही नाहीत आणि चुकलं तर उसवतानाही केस एकमेकांत अडकून बसतात. आज मला वाटतं, त्या निळ्या लोकरीने सुरुवात केली असती तर मी चौथ्या दिवशी सोडून दिलं असतं.

लोकर म्हणजे खरी, मेंढीचीच. आपण सुयांवर विणायच्या सगळ्याच धाग्याला लोकर म्हणतो, पण वेष्टनावर वाचलं की त्यातलं बरंचसं ॲक्रिलिक निघतं. ॲक्रिलिक वाईट आहे असं नाही, ते धुवायला सोपं असतं. पण खऱ्या लोकरीच्या तंतूला मुळातच बारीक नागमोडी वळण असतं, म्हणून ती ताणली की परत जागेवर येते. नवशिक्याचा हात कधी घट्ट, कधी सैल. लोकर त्यातलं थोडं पोटात घालते.

सुयांच्या बाबतीत मी फसले. ज्या नमुन्यावरून विणायचं ठरवलं होतं त्यात ८ नंबरच्या सुया लिहिल्या होत्या. मी ८ नंबर आणल्या. आत्याने सांगितल्याप्रमाणे आधी एक छोटा तुकडा विणून मोजला, तर दहा सेंटिमीटरमध्ये १८ टाके बसायला हवे होते तिथे २२ बसले. या हिशेबाने ३६ टाक्यांचा मफलर वीसऐवजी साडेसोळाच्या आसपास रुंद झाला असता, आणि कापडही पुठ्ठ्यासारखं ताठ. मला वाटलं माझाच हात घट्ट आहे. नंतर सुईच्या बुडाशी बारीक अक्षरात ४ मिमी दिसलं. जुन्या ब्रिटिश मोजमापात ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, अमेरिकन मोजमापात ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. वरून ब्रिटिश नंबर वाढला की सुई बारीक होते आणि अमेरिकन नंबर वाढला की जाड. नमुना अमेरिकन होता. तेव्हापासून मी नंबराकडे बघतच नाही, मिलिमीटर बघते. सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगेन.

नव्या सुया लाकडी घेतल्या. धातूच्या सुयांवरून टाके सरसर घसरतात. हात बसलेल्यांना ते आवडतं, मला मात्र टाका जरा सुईला धरून राहिलेलाच बरा वाटत होता.

तर ३६ टाके घातले. पहिली गाठ धरून ३६. टाके घालण्याची जी रीत आत्याने शिकवली तिच्यात लोकरीचं एक लांब शेपूट आधी मोजून सोडावं लागतं, साधारण मफलरच्या रुंदीच्या तिप्पट, वर थोडं जास्त. माझं पहिल्या खेपेला ३१ टाक्यांवरच संपलं. सगळं ओढून काढलं, पुन्हा घातले.

मग टाका. शिर, उचल, ओढ, सोड. आत्या हे चार शब्द म्हणायची आणि मी विणायचे. डाव्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात उजवी सुई पुढून मागे शिरते. तर्जनीवरची लोकर टोकाने उचलते. ती टाक्यातून ओढून पुढे आणते. आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून देते. झाला एक. पहिली ओळ विणायला मला तब्बल एकवीस मिनिटं लागली. खांदे कानाला टेकले होते. जुना टाका सोडायची मला इतकी भीती वाटायची की मी तो अंगठ्याने दाबून धरायचे. आत्या म्हणायची, "सोड की. त्याच्या पोटातून नवा आलाय, तो कुठे जाणार आहे?"

प्रत्येक ओळ सुलट टाक्यांचीच. उलट टाके शिकायचेच नव्हते. सुलट-सुलट विणत गेलं की कापडावर दोन्ही बाजूंनी आडवे उंचवटे येतात, नांगरलेल्या रानातल्या सरी-वरंब्यांसारखे. एक वरंबा म्हणजे दोन ओळी. हे कापड काठाशी वळत नाही, सपाट पडतं, म्हणून पहिल्या मफलरला हेच बरं. एक ओळ सुलट, एक उलट असं विणलं तर जे गुळगुळीत कापड होतं ते कडांनी गुंडाळत जातं आणि ते मफलर कमी, नळी जास्त दिसतं.

पहिल्या तीन दिवसांत २२ ओळी झाल्या. मी खूश होते. मग आत्याने काम टेबलावर पसरलं आणि काहीच बोलली नाही. मलाच दिसलं. खाली अरुंद, वर रुंद. दोन्ही काठ पंख्यासारखे बाहेर फाकलेले. मोजले तर ४३ टाके.

३६ चे ४३ कसे झाले? एकही जास्तीचा टाका मी जाणूनबुजून घातला नव्हता. मला प्रामाणिकपणे वाटलं, मोजण्यात चूक झाली असेल. तिसऱ्यांदा मोजायला घेतलं तेव्हा आत्या म्हणाली, "तू मोजतेस, पण बघत नाहीस."

मग तिने मला बघायला शिकवलं. हा सबंध मफलर विणून मला जे मिळालं ते खरं म्हणजे त्या एका संध्याकाळी मिळालं, बाकी सगळा सराव होता. म्हणून ते जरा सविस्तर लिहिते.

सुईवरचा प्रत्येक टाका म्हणजे एक फास आहे आणि त्याला दोन पाय आहेत. एक पाय सुईच्या पुढे उतरतो, एक मागे. नीट बसलेल्या टाक्याचा उजवा पाय पुढे असतो. आत्याने सुईच्या टोकाने एकेक टाका जरासा ओढून दाखवला. हा पुढचा पाय, हा मागचा. हे दोघं खाली कुठे जातात बघ, खालच्या ओळीतल्या टाक्याच्या पोटात. आणि तो त्याच्या खालच्याच्या पोटात. ३६ टाके म्हणजे शेजारी शेजारी उभ्या राहिलेल्या ३६ साखळ्या. एवढं दिसल्यावर मी कितीतरी वेळ ते कापड हातात धरून बसले. तोपर्यंत ते माझ्यासाठी पिवळ्या लोकरीचं एक जाळं होतं, आता त्यात उभ्या वाटा दिसायला लागल्या.

मग चुका. ओळ संपली की काम उलटवून धरायचं असतं. तेव्हा लोकर सुईच्या खाली, आपल्या बाजूला लोंबत असते. मी ती सुईच्या वरून पाठीमागे ओढून घ्यायचे, कारण लोकर मागे हवी एवढंच डोक्यात होतं. तसं केलं की पहिला टाका वर खेचला जातो, त्याच्या खालच्या टाक्याचे दोन्ही पाय सुईवर चढतात आणि एकाच्या जागी दोन टाके आहेत असं वाटतं. मी दोन्ही विणायचे. म्हणून काठ फाकले. लोकर सुईखालून मागे न्यायची, बस्स. सातपैकी पाच टाके असे आले होते. उरलेले दोन मधोमध होते आणि त्यांच्या खाली एकेक भोक होतं. तिथे लोकर दोन सुयांच्या मधून पुढे आली होती आणि मी तशीच पुढचा टाका विणला होता. सुईवर लोकरीचा एक मोकळा वेढा राहिला, पुढच्या ओळीत मी त्यालाही टाका समजून विणलं. आत्या म्हणाली, जाळीच्या नमुन्यात हेच मुद्दाम करतात. तिथे ती नक्षी, इथे ती चूक.

"उसव," ती म्हणाली.

बावीस ओळी. तीन दिवस. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असणार, कारण तिने मफलर माझ्याच हातात ठेवला आणि सुई मलाच काढायला लावली. सुई काढल्यावर टाके तसेच उभे राहिले, पडले नाहीत. मग लोकर ओढली आणि तो आवाज आला, फर्रर्र, टाक्यामागून टाका सुटत गेला. दोन मिनिटांत सगळं संपलं आणि मांडीवर कुरळ्या लोकरीचा ढीग राहिला. प्रत्येक टाक्याचं वळण तिला लागलं होतं.

मराठीत आपण मागावरचं कापडही विणतो आणि सुयांवरचा मफलरही विणतो, शब्द एकच आहे. पण मागावर उभे आणि आडवे असे धाग्यांचे दोन संच असतात, ते कापड असं एका टोकाने ओढून सुटत नाही. सुयांवरचं सगळं कापड एकाच धाग्याचं असतं. त्याच्यात कुठे गाठ नसते, नुसते एकमेकांतून काढलेले फास. म्हणून तर ते ताणतं आणि म्हणूनच ते परत धागा होऊ शकतं. वाया काही गेलंच नव्हतं. कुरळी लोकर मी पुन्हा गुंडाळली. आत्या म्हणाली, फारच कुरळी झाली असेल तर ओली करून टांगून वाळवायची, सरळ होते. मी तशीच वापरली.

दुसऱ्यांदा विणायला घेतलं आणि आठवड्याभराने आत्या गेली. तेव्हा माझा मफलर जेमतेम वीतभर झाला होता. पुढचं सगळं फोनवर. ती म्हणायची, "फोटो पाठव. जवळून काढ, उजेडात काढ." आणि फोटो बघून सांगायची, पाचव्या वरंब्यात डावीकडून तिसरा टाका बघ. मला आधी ती जादू वाटायची.

एक गोष्ट माझी मीच शोधली, तिचा मला फार आनंद आहे. सुलट टाका आणि उलट टाका हे दोन वेगळे टाके आहेत असं मी धरून चालले होते. पण मग सगळ्या ओळी सुलट विणूनही कापडावर वरंबे का येतात? सुलट टाका समोरून वेणीच्या पेडासारखा गुळगुळीत दिसतो. उंचवटा कुठून आला? एका रात्री मी कापड चिमटीत धरून एक टाका पुढून बघितला, मग तोच मागून बघितला. पुढून वेणी, मागून मणी. तो एकच टाका आहे. सुलट विणला की त्याचं तोंड आपल्याकडे आणि पाठ पलीकडे, उलट विणला की पाठ आपल्याकडे. मी दर ओळीला काम उलटवते, म्हणून एका ओळीचं तोंड दिसतं आणि दुसरीची पाठ. मी आत्याला रात्री साडेदहाला फोन केला. ती झोपली होती. तरी म्हणाली, "आता तुला उलट टाका शिकवायला पाच मिनिटं लागतील."

सत्तर सेंटिमीटर झाले असतील तेव्हा टाका निसटला. सवयीने ओळ संपल्यावर मोजले, ३५. पुन्हा मोजले, ३५. या वेळी मी घाबरून बघत बसले नाही, काठापासून साखळ्या बघत गेले आणि अकराव्या जागी उभी वाट तुटलेली दिसली. खाली, नऊ ओळींवर, एक एकटा फास तोंड उघडून पडला होता आणि त्याच्या वर आडव्या धाग्यांची शिडी झाली होती. नऊ पायऱ्या.

आत्या फोन उचलत नव्हती. पहिलं काम मी केलं ते म्हणजे त्या फासात सेफ्टी पिन अडकवली, म्हणजे तो आणखी खाली जाणार नाही. खऱ्या लोकरीचा हा गुण, टाका निसटला तरी बराच वेळ जागच्या जागी थांबतो. सुती किंवा रेशमी गुळगुळीत धागा असता तर थोडं ओढलं जाताच सरसर खाली गेला असता. मग क्रोशाची सुई घेतली. फासात सुई घालायची, शिडीची सर्वांत खालची पायरी आकड्यात पकडायची, फासातून ओढून घ्यायची. झाली एक ओळ. पण माझ्या कापडात एक ओळ तोंडाची आणि एक पाठीची. म्हणजे एक पायरी पुढून ओढायची, पुढची मागून. मी प्रत्येक पायरीला काम उलटवलं. शेजारच्या टाक्यांकडे बघायचं, त्यांचा इथे मणी आहे का वेणी, आणि तसंच करायचं. नऊ पायऱ्यांना पाऊण तास लागला. शेवटचा टाका डाव्या सुईवर चढवला, पुढचा पाय उजवा आहे ना ते बघितलं, आणि मोजले. ३६.

त्या रात्री मला झोप लागली नाही, इतकं बरं वाटत होतं.

या दिवसांत मी विणकामाबद्दल मिळेल ते वाचत होते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात लाल लोकरीच्या मोज्यांचा एक जोड आहे. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस इथल्या दफनभूमीत सापडलेला, इसवी सन २५० ते ४२० या काळातला. अंगठ्याला वेगळी जागा आहे, म्हणजे चपलेच्या पट्ट्यात घालता यावेत असे. फोटो बघितला तर कुणीही म्हणेल हे दोन सुयांवर विणलेले आहेत. पण नाहीत. ते एकाच, नेढं असलेल्या सुईने, दोऱ्याचे तुकडे घेऊन फासातून फास शिवत केलेले आहेत. या कामाला नालबाइंडिंग म्हणतात. वरून दिसायला टाका इतका सारखा असतो की अशा जुन्या वस्तूंना अनेकदा विणकामच समजलं गेलं. फरक धाग्याची वाट निरखून पाहणाऱ्यालाच कळतो. नालबाइंडिंगमध्ये दोऱ्याचं सगळं टोक प्रत्येक फासातून ओढून घ्यावं लागतं, विणकामात नुसता फास ओढतात आणि टोक गुंड्यातच राहतं. म्हणून ते मोजे माझ्या मफलरसारखे फर्रर्र उसवणार नाहीत. आपण ज्याला विणकाम म्हणतो त्याचे जुने नमुने इजिप्तमध्येच, पण कित्येक शतकांनंतरचे मिळतात. दीड हजार वर्षांहून जुन्या मोज्यांचे टाके मी पडद्यावर मोठे करून बघत होते आणि मला त्यातलं काहीतरी समजत होतं. दोन महिन्यांपूर्वी तो मला नुसता लाल मोजा दिसला असता.

मधला भाग लवकर सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही आणि तेच त्याचं सुख होतं. दुसरा गुंडा, तिसरा गुंडा. नवा गुंडा नेहमी ओळीच्या काठाशी जोडला, मधे नाही, आणि दोन्ही टोकं बोटभर नव्हे तर चांगली पंधरा सेंटिमीटर सोडली. चारही गुंड्यांचा रंगाचा लॉट नंबर एकच आहे ना, ते घेतानाच बघितलं होतं. वेगवेगळ्या घाण्यांत रंगवलेल्या लोकरीत हातात घेतल्यावर फरक कळत नाही, विणल्यावर मात्र आडवी रेघ दिसते. ओळीला सात मिनिटं लागायची ती तीनवर आली. खांदे खाली आले. मनगट दुखायला लागलं की थांबायचं, हे मात्र मी एकदा न ऐकून शिकले. दोन दिवस अंगठ्याच्या मुळाशी कळ होती. आता अर्ध्या तासाने सुया खाली ठेवतेच.

हिशेब करायची मला आवड आहे. दहा सेंटिमीटरला ३६ ओळी, म्हणजे १६० सेंटिमीटरला ५७६. गुणिले ३६. वीस हजार सातशे छत्तीस टाके. ओळीला सरासरी चार मिनिटं धरली तर ३८ तासांच्या वर. आणि चार गुंड्यांची मिळून चारशे मीटर लोकर, तीही जवळपास सगळी संपली. कुणी हाताने विणलेलं काही दिलं तर मी ते आता वेगळ्या हाताने घेईन. लहानपणी आत्याने दिलेले दोन स्वेटर मी अंगाला टोचतात म्हणून घातलेच नाहीत, ते मला या आकड्याजवळ आल्यावर आठवले.

टाके बंद करणं सोपं आहे. दोन विणायचे, पहिला दुसऱ्यावरून उचलून सोडून द्यायचा, पुन्हा एक विणायचा, पुन्हा मागचा त्याच्यावरून. फक्त हात घट्ट पडतो. माझं शेवटचं टोक वीसऐवजी सोळा सेंटिमीटर झालं, पिशवीचं तोंड आवळल्यासारखं. ते सोडवलं आणि उजव्या हातात ६ मिलिमीटरची सुई घेऊन पुन्हा बंद केलं. आता दोन्ही टोकं सारखी आहेत. मग बोथट टोकाच्या, मोठ्या नेढ्याच्या सुईने सगळी शेपटं वरंब्यांच्या आत लपवली, एकदा एका दिशेने आणि थोडी उलट दिशेने, म्हणजे ती निघून येत नाहीत.

शेवटी धुणं. याची मला सगळ्यांत जास्त भीती होती. मेंढीच्या लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून नमदा होतो. तो परत पूर्वीसारखा होत नाही. म्हणून कोमट पाण्यात, थोड्या सौम्य साबणात, वीस मिनिटं नुसता भिजवून ठेवला. चोळला नाही, पिळला नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून वरून दाबला, आणि सपाट पसरून, काठ सरळ करून, न गंजणाऱ्या टाचण्या लावून वाळवला. दुसऱ्या दिवशी हात लावला तर टाके एकमेकांशी जुळून बसले होते. विणताना जिथे घट्ट-सैल दिसत होतं ते बरंच मिटलं होतं. लांबी १६७ झाली.

आत्या काल आली. मी काही न बोलता मफलर तिच्या मांडीवर ठेवला. तिने तो उलगडून बोटांनी चाचपत वाचायला सुरुवात केली, खरंच वाचायलाच. "इथे आपण दोघी बसलो होतो, हात घट्ट आहे तुझा. इथून सैल झालीस." मग थोडं पुढे, "इथे टाका निसटला होता ना?" त्या नऊ पायऱ्यांवर तिचं बोट होतं. मी शेजारचं बघून बघून केलं होतं, तरी एके ठिकाणी मणी असायला हवा तिथे वेणी राहिली आहे. ते मला माहीत नव्हतं. पुढे तिसऱ्या गुंड्यापाशी ती दोनदा थांबली आणि नीट आहे म्हणून पुढे गेली.

"थांब," मी म्हणाले. तो भाग परत ओढून घेतला आणि काठापासून सहावी साखळी दोन अंगठ्यांनी ताणून धरली. तिथे एक टाका शेजारच्यांपेक्षा बारीक दिसत होता. मी लोकर उलट्या बाजूने उचलली असणार, त्यामुळे पाय आलटून बसले आणि पुढच्या ओळीत त्यांना पीळ पडला. "याचे पाय बुडाशी एकमेकांवर आलेत बघ."

आत्याने चष्मा कपाळावर सरकवला, मफलर डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बघितलं.

"हो गं," ती म्हणाली. "मला नव्हता दिसला."